शेरीच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट: चव कशी पारखायची, पैसे किती मोजायचे?

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी,

आमचा एक मित्र पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. वागळे इस्टेटमधल्या एकाच कारखान्यात त्याने ३४ वर्षं काढली. आम्ही चौघं दोन-दोन हजार काढून त्याला सिंगल माल्टची, म्हणजे एकाच भट्टीत मोड आलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीची, एक बाटली देणार आहोत, म्हणजे हाताशी आठ हजार आहेत. गडी आयुष्यभर ब्लेंडेड, म्हणजे मिश्र व्हिस्की आणि सोडा घेत आलाय. एकदा तरी त्याने काहीतरी मनापासून मुरलेलं प्यावं, अशी इच्छा आहे.

शेरी म्हणजे एक स्पॅनिश वाइन. तिच्या पिंपातलीच का, तर मागच्या वर्षी मेहुण्याने ग्लेनफार्क्लास १५ ही पंधरा वर्षांची स्कॉच आणली होती. पहिला वास घेतला आणि मी पेला खालीच ठेवला. दिवाळीत आई अनारशाचं पीठ मळायची तेव्हा स्वयंपाकघरात जो गुळाचा, जायफळाचा दरवळ असायचा, तसं काहीसं त्यात होतं. घोट घेतल्यावर सुकं अंजीर, संत्र्याची साल, आणि शेवटी अक्रोडाच्या सालीचा किंचित तुरटपणा. पाचेक मिनिटं जिभेवर चव होती. खोटं नाही सांगत.

मग उत्साहात मी स्वतः एक बाटली घेतली. लेबलवर मोठ्या अक्षरांत शेरी, वय तेवढंच, किंमतही जवळपास तेवढीच. उघडली तर नुसतं गोडसर पाणी. शेरी शोधूनही सापडेना. तेव्हापासून दुकानात उभं राहिलं की धीर होत नाही. आपले पैसे असते तर एक वेळ गेले म्हटलं असतं, पण हे चौघांचे आहेत आणि भेट द्यायची आहे.

तर सांगा: बाटली न उघडता काय बघायचं? उघडल्यावर कशी पारखायची? आणि ही किंमत खरंच त्या चवीची असते का?

---

घोडबंदरकर | मंगळवार, रात्री ९:३१

धाग्यासाठी धन्यवाद. माझाही हाच प्रश्न आहे. वाचतोय.

---

पिंपळपान | मंगळवार, रात्री १०:०५

खाडीकाठ, तुमच्या दुसऱ्या बाटलीचं काय झालं असेल ते लेबल न बघताही सांगता येईल. ती बहुधा शेरीच्या पिंपात *मुरलेली* नव्हती. शेरीच्या पिंपात शेवटचे काही महिने *ठेवलेली* होती.

स्कॉचच्या नियमाप्रमाणे व्हिस्की स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरायला हवी आणि पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको. पण ‘शेरी फिनिश’ म्हणवून घ्यायला शेवटच्या पिंपात किती काळ हवी, याला किमान मुदत नाही. आयुष्याची दहा-अकरा वर्षं बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात काढून शेवटी शेरीच्या पिंपात पाय लावून आलेली व्हिस्कीही लेबलवर शेरी लिहू शकते. फिनिश म्हणजे फसवणूक असं मात्र मी म्हणणार नाही. बाल्वेनी डबलवूड १२ त्याच पद्धतीची आहे आणि ती मला मनापासून आवडते. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते कळायला हवं.

लेबलवर मी चार गोष्टी वाचतो. पूर्ण काळ शेरी पिंपात, की फिनिश, की दोन्ही पिंपांचं मिश्रण? कोणती शेरी? ओलोरोसो असेल तर सुका मेवा, अक्रोड, मसाला. पेद्रो हिमेनेस असेल तर काकवी, खजूर, दाट गोडवा. अल्कोहोल किती? ४० टक्के ही कायद्याची किमान मर्यादा. ४३ बरी, ४६ असेल तर मी थांबून बघतो, कारण त्या प्रमाणाला सहसा थंड गाळणी करत नाहीत. ती करतात व्हिस्की गारठल्यावर गढूळ दिसू नये म्हणून, पण त्यात तोंडात जाणवणारा तेलकट जाडपणा थोडा जातो.

चौथी गोष्ट लेबलवर क्वचितच असते: पिंप पहिल्या भरणीचं की दुसऱ्या-तिसऱ्या. चहाच्या पत्तीसारखं आहे ते. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं तर चहा होतो, पण पहिल्यासारखा नाही. तुमची बाटली बहुतेक तिसऱ्या पाण्याची असावी.

---

कोपरीचा_सोडा | मंगळवार, रात्री १०:२२

माझं मत वेगळं आहे आणि मी ते प्रामाणिकपणे मांडतो. आठ हजारांत तुमचा मित्र त्याच्या नेहमीच्या बाटलीबरोबर चार-पाच संध्याकाळी तुम्हा सगळ्यांसोबत बसेल. ३४ वर्षं ज्याने सोडा घालून प्यायली, त्याला अंजीर आणि अक्रोड शोधायला लावणं ही त्याची आवड की तुमची? भेट त्याच्या आवडीची असावी.

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

कोपरीचा_सोडा, मुद्दा मनाला लागला. विचार करतो. पण त्याच मित्राने मला पहिल्यांदा गडकरी रंगायतनला संगीत नाटकाला नेलं होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्याने कळेल याची वाटही पाहिली नाही. त्याची थोडी परतफेड समजा.

---

उपवन_सकाळ | बुधवार, सकाळी ७:५०

खाडीकाठ, तुमचं अनारशाचं वर्णन वाचून सकाळी सकाळी भूक लागली. :)

पारखण्याबद्दल माझा अनुभव. इंग्रजी वर्णनं वाचून मी सुरुवातीला फार गोंधळले. त्यात येणारी निम्मी फळं मी कधी खाल्ली नव्हती, केक तर त्याहून कमी. मग मी आपल्या घरातल्या वासांची यादी केली, आणि एकदम सगळं सापडायला लागलं. काळे मनुके. बिया काढलेला खजूर. डिंकाच्या लाडवातली खारीक. आजीच्या सागवानी फडताळाचं दार उघडल्यावर येणारा जुन्या लाकडाचा, सुपारीचा वास. मोरावळ्यातली लवंग. कोरा चहा जास्त उकळला की जिभेच्या कडांना जो तुरटपणा येतो, तो युरोपियन ओकचा. शेरीची बरीच पिंपं युरोपियन ओकची असतात, आणि त्यात अमेरिकन ओकपेक्षा टॅनिन जास्त.

माझी पद्धत: पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा छोटा पेला. ग्लेनकेर्न असेल तर उत्तम, नसेल तर वाइनचा लहान पेलाही चालतो. २० मिली ओतायची आणि दहा मिनिटं विसरून जायचं. नाक पेल्यात खुपसायचं नाही, हनुवटीजवळ धरायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यायचा. पहिला घोट अगदी छोटा, तो फक्त जिभेला सवय व्हायला. मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. आणि रिकामा पेला दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून बघा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि मागे राहतं ते लाकूड. खरी शेरी असेल तर सकाळीही मनुका सापडतो.

त्या दिवशी मात्र उदबत्ती, फोडणी आणि अत्तर बंद!

---

तांबूस | बुधवार, सकाळी ११:१८

एवढं कशाला? रंग बघा. गडद तांबूस असेल तर शेरी चांगली लागली. माझ्या नावातच आहे.

---

पिंपळपान | बुधवार, दुपारी १:०२

तांबूस, नाव छान आहे पण इथे असहमत. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमल घालायला परवानगी आहे. जर्मनीत विकताना ते लेबलवर लिहावं लागतं. इथल्या बाटलीवर लिहिलेलं नसलं म्हणजे घातलेलं नाही असं धरू नये. ‘नैसर्गिक रंग’ असं स्वतःहून लिहिलं असेल तरच रंगावर विश्वास ठेवा.

---

तांबूस | बुधवार, दुपारी १:१५

हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाटली उजेडात धरून घेत होतो. आभार.

---

तासगावकर_नेरुळ | बुधवार, दुपारी ३:४४

वर पेद्रो हिमेनेसचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. आमची द्राक्षबाग आहे, धाकटा भाऊ बघतो. मी नोकरीसाठी नेरुळला.

पेद्रो हिमेनेस हे द्राक्षाच्या जातीचं नाव. दक्षिण स्पेनमध्ये ही द्राक्षं काढल्यावर चटयांवर उन्हात पसरून सुकवतात, मग त्या सुरकुतलेल्या द्राक्षांचा रस काढतात. साहजिकच रस पाकासारखा. आमच्याकडे बेदाणा उन्हात करत नाहीत. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पंधराएक दिवस सावलीत सुकवतात, म्हणून बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. उन्हात टाकला तर काळा पडतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे जाता जाता अभिमानाने सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका मित्राकडे पेद्रो हिमेनेस पिंपातली व्हिस्की चाखली आणि मला थेट फेब्रुवारी-मार्चमधली शेड आठवली. सुकत आलेल्या द्राक्षांचा तो जड, गोड, थोडा आंबूस वास. तिथे जो वाढला त्याला तो झोपेतही ओळखता येईल. सगळे ‘ख्रिसमस केक’ म्हणत होते. मी म्हटलं, शेड.

---

उपवन_सकाळ | बुधवार, दुपारी ४:१०

तासगावकर, या प्रतिसादासाठी दंडवत. यंदाचा बेदाणा आला की इथे सांगा.

---

सागरविहार | बुधवार, संध्याकाळी ६:३७

मुळात शेरीची पिंपं इतकी महाग का, यावर कुणी लिहाल का? शेरी तर फार महाग वाइन नाही.

---

पिंपळपान | बुधवार, रात्री ९:२०

सागरविहार, माझ्या मते सगळ्या किमतीचं मूळ तिथेच आहे.

शेरी म्हणजे स्पेनच्या हेरेस भागातली, वरून द्राक्षाचं मद्यार्क घालून जोर वाढवलेली वाइन. फिनो प्रकार यीस्टच्या सायीखाली मुरतो. दुधावर धरते तशीच साय, त्यामुळे हवा लागत नाही आणि वाइन फिकी, कोरडी राहते. ओलोरोसोवर साय धरू देत नाहीत, ती हवेशी खेळत काळवंडत जाते. जुन्या काळी ही शेरी पिंपं भरभरून जहाजाने इंग्लंड-स्कॉटलंडला जायची. वाइन संपली की रिकामी पिंपं परत नेण्यापेक्षा तिथेच विकणं परवडायचं. स्कॉच बनवणाऱ्यांना ती स्वस्तात मिळाली आणि योगायोगाने त्यांत व्हिस्की सुंदर मुरली.

१९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आला आणि ही आवक आटली. शेरीवाल्यांची स्वतःची मुरवणीची पिंपं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागतात, ती सहसा विकायला नसतात. म्हणून आता व्हिस्कीसाठी नवी पिंपं मुद्दाम बनवतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात, मग ती उपसून पिंप स्कॉटलंडला पाठवतात. उपसलेली शेरी पुन्हा वापरतात किंवा तिचा सिरका होतो. आज ‘शेरी कास्क’ म्हणतात ती बहुतेक अशी मुद्दाम भिजवलेली पिंपं.

याउलट अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं भांडंच लागतं. त्यामुळे वापरलेल्या बर्बन पिंपांचा सुकाळ. शेरीचं ५०० लिटरचं मोठं पिंप (‘बट’) त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. म्हणून पूर्ण शेरीत मुरलेली बाटली महाग असायला खरं कारण आहे. आणि म्हणूनच नुसता शेरीचा हात फिरवून तेवढेच पैसे मागितले की मला राग येतो.

---

हिशेबनीस_बेलापूर | बुधवार, रात्री १०:०१

पिंपाचं कारण पटलं, पण आपण दुकानात देतो त्यातला मोठा भाग पिंपाचा नसतोच. २०२५ मध्ये स्कॉचवर सीमाशुल्क १५० टक्के होतं. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं. २४ जुलै २०२५ला ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरचं सीमाशुल्क करार लागू झाल्यावर ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. पण राज्याचा कर, वाहतूक, दुकानदाराचा वाटा हे त्याबाहेर. बाटली निम्म्या किमतीत येईल या आशेवर खाडीकाठांनी मित्राची निवृत्ती पुढे ढकलू नये!

हिशेब असा करा. ७५० मिलीत ३० मिलीचे २५ पेग. आठ हजारांची बाटली म्हणजे पेगला ३२० रुपये. आमच्या पाम बीच रोडवरच्या साध्या बारमध्येही तेवढ्यात बरं काही मिळत नाही. आणि बाटली ७५० मिलीची की ७०० ते बघून घ्या, तेवढ्यात दीडेक पेगचा फरक पडतो. कुणी परदेशातून येत असेल तर प्रत्येक प्रवाशाला २ लिटर आणता येतं.

---

ऐरोली_पूल | गुरुवार, सकाळी ८:२५

आठ हजारांत स्कॉच शोधण्यापेक्षा आपली घ्या की. सीमाशुल्क नाही, त्यामुळे पैसे दारूला लागतात. रामपूर डबल कास्कमध्ये बर्बन आणि युरोपियन ओक शेरी दोन्ही पिंपं आहेत. हरियाणाच्या ‘इंद्री’ माल्टमध्ये पेद्रो हिमेनेस पिंपाचा अंश आहे. आणि बेंगळुरूच्या अमृतची इंटरमीडिएट शेरी: ५७.१ टक्के, आधी बर्बन, मग शेरी, मग पुन्हा बर्बन पिंप. ती चाखल्यावर तुम्ही वयाचा आकडा विचारणं सोडून द्याल.

---

घोडबंदरकर | गुरुवार, सकाळी ९:१०

पण आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर वय नसतंच. म्हणजे कोवळीच ना?

---

ऐरोली_पूल | गुरुवार, सकाळी ९:४८

वर्षांनी कोवळी, मुरण्याने नाही. कैरीचं लोणचं मे महिन्यात घातलं की किती लवकर मुरतं आणि थंडीत किती वेळ घेतं? पिंपाचं तेच. गरम हवेत दारू लाकडात जोराने शिरते-निघते, आणि बाष्पीभवनही तसंच. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बेंगळुरूला १० च्या आसपास. गणित केलंत तर स्कॉटलंडच्या पिंपात १२ वर्षांनी ७८ टक्के शिल्लक, बेंगळुरूच्या पिंपात सहाच वर्षांत जेमतेम निम्मं. १२ वर्षं ठेवलं तर पाव-सव्वा पाव उरेल आणि त्याला लाकडाचा कडूपणा येईल. आपल्याकडे वय वाढवणं हा शहाणपणा नाही.

---

पिंपळपान | गुरुवार, दुपारी १२:३०

ऐरोली_पूल यांच्याशी बराचसा सहमत. एकच भर: जोराने शिरणं आणि हळूहळू बदलणं एकसारखं नाही. लाकडातून रंग, टॅनिन, गोडवा लवकर निघतो. पण हवेशी संथ व्यवहार होऊन जी खोली येते, मघाचं ते फडताळ, तिला वेळच लागतो. म्हणून आपली शेरी माल्ट मला ताज्या मसाल्यासारखी लागते आणि चांगली १५ वर्षांची स्कॉच वर्षभर बरणीत मुरलेल्या गोडा मसाल्यासारखी. दोन्ही हव्यात.

---

कोलशेत_रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:१६

एक शंका. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या शेरी माल्टला काडेपेटी ओढल्यासारखा वास होता, थोडा जळक्या रबराचा. बायको म्हणाली खराब आहे. दुकानदाराने बदलून दिली नाही, ‘अशीच असते’ म्हणाला. नाव लिहीत नाही, पण वाईट वाटलं. बनावट होती का?

---

उपवन_सकाळ | गुरुवार, दुपारी ३:०५

बनावट असेलच असं नाही. वाइनची पिंपं बिघडू नयेत म्हणून त्यांत गंधक जाळायची जुनी पद्धत आहे, त्याचा अंश कधी कधी व्हिस्कीत उतरतो. गंमत म्हणजे काहींना तो वास जाणवतच नाही, काहींना एका थेंबात जाणवतो. तुमच्या मिसेस दुसऱ्या गटातल्या दिसतात. पुढच्या बाटलीच्या खरेदीला त्यांना सोबत न्या, उत्तम नाक आहे त्यांचं. अशी बाटली उघडून दोन-तीन आठवडे ठेवली की वास कधी कधी बराच निवळतो.

बनावटीची भीती असेल तर सील, झाकणावरचं राज्य उत्पादन शुल्काचं लेबल बघा, बिल मागा. आणि ‘ड्युटी फ्रीची आहे, बिल नाही’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कधीही घेऊ नका. आमच्या सोसायटीत एकाला असंच चुना लावलेली बाटली मिळाली होती.

---

बर्फाचा_गोळा | गुरुवार, संध्याकाळी ७:२९

पाणी घालायचं की नाही ते सांगा. मुंबईच्या उकाड्यात कोरडी कशी पिणार?

---

सागरविहार | गुरुवार, रात्री ८:०२

पाण्याने वास खुलतो, हे शास्त्रीय आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर दाखवलं होतं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर ग्वायकॉल नावाचा वासाचा रेणू पृष्ठभागाकडे राहतो, ५९ च्या वर असेल तर तो आत ओढला जातो.

---

पिंपळपान | गुरुवार, रात्री ८:४०

संशोधन खरं आहे, पण ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू. आपण बोलतोय त्या मनुका-अंजिराला तो नियम जसाच्या तसा लावू नये. माझा अनुभव: ५७ टक्क्यांना पाणी हवंच, चमचाभर, थेंबाथेंबाने. ४३ ला दोन थेंबांच्या पुढे गेलात तर शेरी पातळ होते. पेद्रो हिमेनेसवाल्या तर पटकन साखरपाण्यासारख्या लागतात. आणि बर्फाने जीभ बधिर होते. उकाड्यात पंख्याखाली बसा आणि पेला भिंतीकडे ठेवा, नाहीतर वास शेजाऱ्याला.

---

वैद्य_सानपाडा | गुरुवार, रात्री ९:१५

डॉक्टर म्हणून दोन शब्द. ४३ टक्के आणि ५७ टक्के यांचा पेग सारखा नाही. एकाच मापात साधारण एक तृतीयांश मद्यार्क जास्त. निवृत्तीच्या वयात बहुतेकांना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतात. भेट देण्याआधी मित्राला विचारा. आणि महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्यांना ही दारू कायद्याने नाही, परवानाही लागतो. घरी तरुण मुलं असतील तर लक्षात असू द्या.

---

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ९:५०

डॉक्टर, विचारलं. त्याला रक्तदाबाची गोळी आहे. त्याच्या डॉक्टरांना विचारून सांगणार म्हणालाय. तुम्ही लिहिलं नसतं तर डोक्यातही आलं नसतं. मनापासून आभार.

---

कोपरीचा_सोडा | गुरुवार, रात्री १०:११

सोबत काय खायचं हे कुणीच का बोलत नाही? सुके बोंबील चालतील?

---

उपवन_सकाळ | गुरुवार, रात्री १०:३०

नको! बोंबील समोर आला की शेरी गेली. चाखून होईपर्यंत पाणी आणि बिनमिठाचे बदाम. मग अक्रोड, काळं चॉकलेट, आणि खरं सांगू, खजुराच्या रोलबरोबर फार सुरेख लागते. बोंबील दुसऱ्या पेगाला, वेगळ्या बाटलीबरोबर.

---

तासगावकर_नेरुळ | गुरुवार, रात्री १०:५२

बेदाणा विसरलात.

---

पिंपळपान | शुक्रवार, सकाळी १०:२०

खाडीकाठ, एक सुचवू? माझ्याकडे खारघरला पाच उघड्या बाटल्या आहेत. प्रत्येकीतून थोडी काढून छोट्या काचेच्या बाटल्यांत आणतो, फक्त आकडे घालून. तुम्ही पैसे काढणारे चौघं नावं न बघता चाखा. रविवारी पनवेल-ठाणे लोकलने येतो, गाडी आणत नाही.

---

खाडीकाठ | शुक्रवार, सकाळी १०:२७

काय बोलू. या. जेवायलाच या.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:३५

वृत्तांत.

काल पाऊस होता, खिडकीतून खाडी दिसत नव्हती. आम्ही चौघं, पिंपळपान आणि माझी बायको. तिने घोट घेतला नाही, पण वास सगळ्यांचा घेतला. प्रत्येकी १५ मिली, पाच पेले, कागदावर आकडे. पिंपळपानांनी ५७ टक्केवालीत आधीच पाणी घालून आणलं होतं.

पहिल्या दहा मिनिटांत कुणीच बोलेना. मग एकदम सगळे बोलायला लागले. तीन नंबरला मी मनुका लिहिला, शेजारच्याने चिक्कू, तिसऱ्याने नुसतं ‘गोड’. बायको म्हणाली, ‘हा सोनचाफ्याच्या वाळलेल्या फुलांचा वास आहे.’ ते तिने म्हटलं आणि मग तिथे सोनचाफ्याशिवाय दुसरं काही मिळेना. दुसऱ्याचं ऐकण्याआधी स्वतःचं लिहून ठेवा, हे कालचं शिक्षण.

चौघांचे गुण मिळवले तर पहिली आली ग्लेनड्रोनॅक १२. ४३ टक्के, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस पिंपं. दुसरी अमृत इंटरमीडिएट शेरी, आणि तीही एकाच गुणाने मागे. तिसरी रामपूर. चौथी आली ती पाचांतली सगळ्यात महाग, नाव ऐकल्यावर आम्ही गप्पच झालो. इथे लिहीत नाही, कारण पिंपळपानांची बाटली दीड वर्षं उघडी होती आणि तिच्यावर अन्याय नको. पाचवी निव्वळ बर्बन पिंपातली, तुलनेसाठी. मात्र आमच्यातला एकजण त्या पाचवीवरच अडून बसला. नावं कळल्यावरही त्याने मत बदललं नाही. म्हणाला, ‘तुम्हाला मिठाई हवीय, मला धान्याची चव हवीय.’ त्याचं चूक कसं म्हणू?

सकाळी रिकामे पेले हुंगले. ग्लेनड्रोनॅकच्या पेल्यात मनुका होता. महागवालीत पुठ्ठ्यासारखा वास.

पहिलीच घेतली. आठ हजारांच्या थोडं वर गेलो, चौघांनी वाटून घेतलं. मला विचाराल तर किंमत त्या चवीची आहे. कर वगळून किती उरतं ते हिशेबनीस सांगतील, पण चवीच्या बाबतीत मला फसवल्यासारखं वाटलं नाही.

---

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:०४

पाहुणचाराबद्दल वहिनींना नमस्कार सांगा. महाग बाटली उघडी राहून गेली हे खरं, चूक माझीच. एक तृतीयांशाखाली आली की छोट्या बाटलीत भरून ठेवायला हवी होती, हवा कमी लागते. आणि बाटली उभीच ठेवा, आडवी नाही. या अल्कोहोलने बूच कुजतं.

---

घोडबंदरकर | सोमवार, रात्री १०:१९

निवृत्तीचा वृत्तांतही येऊ द्या.

---

खाडीकाठ | पुढच्या महिन्यातला रविवार, सकाळी ११:०२

डॉक्टरांनी एका लहान पेगाला होकार दिला.

काल त्याच्या घरी गेलो. कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, ना मनुका ना अंजीर. त्याने सवयीने सोड्याची बाटली काढली, मग आमच्याकडे बघून बाजूला ठेवली. पेला हातात धरून बराच वेळ बसला. घोट घेतला. म्हणाला, ‘आमच्या जुन्या प्लांटमध्ये पॅकिंगची लाकडी खोकी यायची. पावसाळ्यात ती उघडली की असा वास यायचा.’ मग त्या खोक्यांबद्दल, त्या काळच्या माणसांबद्दल तो तासभर बोलत होता. त्याच्या मुलीने हे सगळं पहिल्यांदा ऐकलं म्हणे.

दुसरा पेग त्याने घेतला नाही.

---

कोपरीचा_सोडा | रविवार, सकाळी ११:४०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. बाटली किती उरलीय?

---

खाडीकाठ | रविवार, दुपारी १२:०५

त्याच्याकडेच ठेवली, पाऊणहून जास्त आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक-एक पेग, असं त्याने कॅलेंडरवर लिहिलंय. तुम्हीही या, कोपरीहून किती लांब आहे? बोंबील दुसऱ्या ताटात.